तालीम, हॉल, अभ्यासिका: लाईट बिल आणि कार्बन दोन्ही कमी करायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इलेक्ट्रिकलच्या कामात आहे आणि आमच्या पेठेतल्या मंडळाचा खजिनदारपण आहे, म्हणजे वॅट बी माझ्याकडंच आणि वर्गणीचा हिशोब बी माझ्याकडंच. गेली काही वर्षं कोल्हापुरातल्या तालमी, समाजाचे हॉल, वाचनालयं, अभ्यासिका बघायला जातो तर सगळीकडं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. खाली जे हिशोब आहेत ते युनिटला १० रुपये धरून केलेत, तुमचा दर बिलावर बघून घ्या.

आमचं एवढंसं मंडळ, आमच्यामुळं असा कितीसा कार्बन होतोय?

आपल्या ग्रीडमधली (म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्यातली) बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळं एक युनिट वापरलं की कुठंतरी साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. खाली तालीम, मधी हॉल आणि वर अभ्यासिका अशी इमारत असेल तर वर्षाला सहा हजार युनिट सहज जातात, म्हणजे चार टनाच्या वर. आता एका मंडळाचे चार टन जगाच्या हिशोबात काहीच नाहीत हे मला बी कळतंय, पण कोल्हापुरात दर गल्लीला एक मंडळ आहे आणि त्यात बोर्डिंगं (विद्यार्थ्यांची वसतिगृहं), भवनं, समाज मंदिरं धरली नाहीत अजून. आणि खरं सांगू का, मीटिंगमध्ये कार्बनचं नाव काढलं की लोक चहा आलाय का बघतात, बिलाचं नाव काढलं की ऐकतात. चालतंय, दोन्ही एकाच मीटरमधनं मोजलं जातं.

सुरुवात कुठनं करायची?

बारा महिन्यांची बिलं काढा. रुपये बघू नका, युनिट बघा. दर महिन्याचे युनिट एका कागदावर लिहिले की निम्मं कळतं: एप्रिल-मेमध्येच वाढत असतील तर उकाड्याचा खर्च आहे, बारा महिने सारखेच असतील तर काहीतरी दिवसरात्र चालू आहे, आणि गणपतीत उडी मारत असतील तर ते वेगळंच.

मग एक काम करा, याला पैसे लागत नाहीत. रात्री ११ ला कुलूप लावताना मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा आणि सकाळी ६ ला उघडताना परत काढा. आत कोणी नसताना किती युनिट गेले ते दिसतंय. आमच्याकडं दोन युनिट निघाले. सगळे म्हणाले कॅमेऱ्याचं असेल, मग मी क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन बसलो तर निघाला वॉटर कूलर, रात्रभर कोणी प्यायला नसताना बिचारा पाणी गार करत बसलेला. रोज दोन युनिट म्हणजे वर्षाला ७३० युनिट, सात हजार रुपये आणि अर्धा टन कार्बन, बंद इमारतीत! टायमर लावला, विषय संपला. सोलर, एसी, पंखे वगैरे सगळं त्याच्यानंतर.

आमच्याकडं सोलरला देणगीदार तयार आहे, मग आधी सोलरच बसवूया की?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. सोलर शेवटी बसवा.

कारण साधं आहे. एक किलोवॅट सोलर आपल्याकडं वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. सहा हजार युनिटची इमारत असेल तर चार-पाच किलोवॅट लागतील. आधी उधळपट्टी थांबवून तीच इमारत साडेतीन हजारावर आणली तर तीन किलोवॅटमध्ये भागतंय. म्हणजे गळक्या हौदात जास्त पाणी सोडण्यापेक्षा आधी हौदाची गळती काढायची.

दुसरं कारण स्लॅब. पॅनेल २५ वर्षांसाठी बसतात, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही. एका भवनात पॅनेल बसवले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला, मग सगळं स्ट्रक्चर उतरवा, कोबा (स्लॅबवरचा वॉटरप्रूफिंगचा थर) करा, परत चढवा, हा खर्च कोणाच्या देणगीत बसत नाही. पॅनेलवाल्यानं स्लॅबला भोकं पाडली म्हणून गळतंय का आधीपासूनच गळत होतं यावर दोन मीटिंगा झाल्या, निकाल काही लागला नाही.

बाकी सोलरबद्दल तक्रार काही नाही, नेट मीटरिंग (जादा युनिट ग्रीडला देऊन नंतर बिलातनं वळते करून घ्यायची सोय) असलं की उन्हाळ्यातले जादा युनिट पावसाळ्यात कामाला येतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं सूर्य दिसतो कधी हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त लागतंय त्यापेक्षा मोठं बसवू नका, वर्षअखेर उरलेल्या युनिटचा मोबदला तुम्ही भरता त्या दराच्या मानानं फारच किरकोळ असतो.

पीएम सूर्यघरची सबसिडी मंडळाला मिळते का?

ती योजना २०२४ मध्ये आली ती घरांसाठी. घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात, हाऊसिंग सोसायट्यांच्या सामाईक वापराला किलोवॅटला १८ हजार आहेत. मंडळाचं किंवा ट्रस्टचं कनेक्शन घरगुती नसेल तर त्यात बसत नाही. एजंट "बसवतो की राव, बघू" म्हणाला तर लेखी घ्या.

जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवावेत का?

पंखा किती तास फिरतो यावर आहे, आणि हे कोणी विचारतच नाही.

जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. एका पंख्यामागं ४५ वॅट वाचले. आता १२ पंख्यांची अभ्यासिका धरा, पोरं एमपीएससीची तयारी करतात, सकाळी सहापासनं बसलेली असतात, पंखे दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस फिरतात. १,९४४ युनिट वाचले, म्हणजे १९ हजार रुपये आणि तेराशे-चौदाशे किलो कार्बन. पंखा तीन हजाराला धरला तर ३६ हजार गेले, दोन वर्षांच्या आत वसूल.

तेच १२ पंखे खालच्या हॉलमध्ये, जिथं वर्षात ४० दिवस लग्न, बारसं, साखरपुडा असतो, दिवसाला १० तास. २१६ युनिट वाचले, दोन हजार रुपये. वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं, तोपर्यंत पंख्याचं आयुष्य बी संपलं असेल. म्हणून अभ्यासिकेतले बदला आणि हॉलमधले राहू द्या, बिघडले की तेव्हा बदला. जानेवारी २०२३ पासून सिलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळं घेताना स्टार बघूनच घ्या.

आणि पात्यांवर नाव असलेल्या पंख्यांचं काय, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ"? आम्ही घरी जाऊन विचारलं. त्या घरातल्या काकू म्हणाल्या, नवीन पंख्यावर बी नाव घालणार असाल तर काढा खुशाल. घातलं. एवढाच प्रश्न होता.

ट्यूबलाईट?

जुनी ४० ची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून ५० च्या वर वॅट जातात, एलईडी बॅटन २० मध्ये तेवढाच उजेड देतो. रोज पाच-सहा तास लागणारी ट्यूब असेल तर डोळे झाकून बदला. संडास-जिन्यात सेन्सर लावा. यात विचार करण्यासारखं काही राहिलेलं नाही.

वरचा मजला मार्च ते मे भट्टीसारखा तापतो. काय करायचं?

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते सगळा खेळ इथं आहे.

उघडा, काळपट पडलेला स्लॅब मे महिन्याच्या दुपारी ६० अंशाच्या पुढं जाऊ शकतो, अनवाणी उभं राहून दाखवा. ती उष्णता कॉंक्रीटमध्ये मुरते आणि हळूहळू खाली उतरते, म्हणून दुपारी चारपेक्षा रात्री आठला अभ्यासिका जास्त गदगदते, बाहेर गार वारं सुटलेलं असतं आणि आत पोरं घामानं निथळत असतात. लोक पंखा वाढवतात. पंखा काय करणार, वरचीच गरम हवा खाली ढकलणार. मग एसीची मागणी येते.

स्लॅब पांढरा करा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, त्यामुळं स्लॅब मुळात तापतच नाही तितका, आणि खालची खोली दोन ते चार अंश उतरते. ही काही नवी गोष्ट नाही, अहमदाबादनं २०१७ पासून झोपडपट्ट्यांच्या छपरांवर हे केलं, तेलंगणानं २०२३ मध्ये तर कूल रूफचं धोरणच काढलं.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त चुना, त्यात थोडा फेविकॉल घालतात, पण आपला पाऊस तो धुऊन नेतो, दर वर्षी शिवरात्रीच्या सुमारास परत मारायला लागतो. पोरं सुट्टीच्या दिवशी मारू शकतात, आम्ही दोन वर्षं तसंच केलं. कूल रूफचा पेंट टिकतो जास्त पण खाली वॉटरप्रूफिंग नीट पाहिजे. आणि तिसरं म्हणजे आपलं जुनं चायना मोझॅक, पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेले, ब्रिक बॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर. हे महाग पडतं पण गळती आणि ऊन दोन्हीचा एकदम बंदोबस्त होतो आणि वर्षानुवर्षं टिकतं. स्लॅब गळतच असेल आणि कोबा करायचाच असेल तर वरनं पांढरं मोझॅकच करा, दुसरा विचार नको.

एक अडचण कोणी सांगत नाही ती मी सांगतो. कोल्हापुरात पांढरा स्लॅब पांढरा राहत नाही. पावसाळा संपेपर्यंत शेवाळ धरतं, हिरवं मग काळं होतं, आणि काळं झालं की ऊन परत फेकायचं बंद. दिवाळीच्या साफसफाईत आणि परत फेब्रुवारीत असा दोनदा काथ्याच्या ब्रशनं घासून धुवायला लागतो. हे काम कोणाचं ते आधीच ठरवा, नाहीतर दोन वर्षांनी "पैसे वाया गेले" म्हणून माझ्याच नावानं बोंब.

आमचं वरचं छप्पर पत्र्याचं आहे.

पत्रा तापतो पटकन आणि निवतोही पटकन, म्हणून रात्री त्रास कमी पण दुपारी बसवत नाही. वरनं पांढरा रंग द्या, आतली गरम हवा वरनं बाहेर जाईल अशी सोय करा. वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर कारखान्यांच्या शेडवर बघितले असतील शिरोलीला, गोकुळ शिरगावला, तेच. विजेशिवाय चालतात. मात्र खालनं हवा आत यायला जाळी ठेवली नसेल तर वरनं बाहेर काय जाणार, हे विसरतात लोक.

थर्माकोलची सिलिंग लावू नका. स्वस्त असते, लगेच फरक बी पडतो, पण पेटली की वितळत खाली ठिबकते आणि धूर असा की दार सापडत नाही. लावायचीच असेल तर न पेटणारं मटेरियल घ्या, जिप्सम बोर्ड आणि वर रॉकवूल, आणि वरची वायर पाईपमधनं.

आमची तालीम जुनी, दगडी भिंतींची आहे. तिला बी इन्सुलेशन लागेल का?

नको हो. इंटरनेटवर जे व्हिडिओ असतात ते थंड देशातले, तिथं हीटरची ऊब आत कोंडायची असते म्हणून भिंतींना गोधड्या गुंडाळतात. आपल्याकडं उलटं काम. दोन-अडीच फुटी काळ्या दगडाची भिंत दिवसभर ऊन सोसते आणि आत येईतोवर रात्र होते, रात्री दारं-झरोके उघडे असले की ती परत निवते. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती भर उन्हाळ्यात पायाला गार लागते ती त्यामुळंच, आमचे वस्ताद सांगायचे तालमीला पंखा कशाला, भिंत आहे की.

अशा इमारतीला जे नुकसान होतं ते नंतरच्या "सुधारणां"नी. चुन्यातलं दगडकाम असतं, त्यातनं ओल बाहेर निघत असते, आणि आपण त्यावर सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक पेंट मारतो. ओल आत अडकते, पोपडे धरतात, भिंत कुबट वास मारते, मग वास जायला एक्झॉस्ट फॅन, मग अजून एक. शक्य असेल तिथं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करा, गवंडी मिळायला त्रास होतो हे खरं, पण मिळतात. बुजवलेले झरोके उघडा, जाळी लावा म्हणजे कबुतरं येणार नाहीत. छप्पर कौलारू असेल तर फुटकी कौलं बदला, ते काढून पत्रा घालायचा मोह टाळा.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जी बोर्डिंगं उभी केली त्यातल्या जुन्या वास्तूंमध्ये मे महिन्यात जाऊन उभं राहा एकदा. उंच छत, जाड भिंती, समोरासमोर खिडक्या. शंभर वर्षांपूर्वी त्यांना बीएलडीसी माहीत नव्हता पण हवा कुठनं येते हे माहीत होतं.

खिडक्या बदलल्या तर फायदा होतो का?

बदलल्यामुळं तोटा झालेल्या जास्त बघितल्यात मी. जुनी लाकडी दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडायची. ती काढून ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवली की एक काच दुसरीमागं सरकते आणि उघडते फक्त निम्मी. हवा निम्मी, वर काचेतनं ऊन आत. आणि मग तक्रार, पूर्वी एवढं उकडत नव्हतं. अहो पूर्वी खिडकी होती!

नवीन करायचीच तर बाहेर उघडणारी करा. पश्चिमेच्या खिडकीला नीट रुंद छज्जा पाहिजे, दुपारचं ऊन बी तिकडनंच आणि पावसाची झड बी तिकडनंच, छज्जा नसला की जून ते सप्टेंबर खिडकी बंद आणि आत दिवसा लाईट. छज्ज्याला पैसे नसतील तर बांबूच्या चिका टांगा, बाहेरनं. आतल्या पडद्यानं उजेड अडतो, उष्णता आधीच आत आलेली असते.

तरीबी एसी पाहिजेच म्हणतात पोरं.

म्हणू देत, पाहिजे तिथं लावा. मी एसीच्या विरोधात नाही. फक्त स्लॅब पांढरा केल्यावर लावा, कारण मग दोन टनाच्या जागी दीड टनात भागतं, आणि अख्ख्या हॉलला न लावता एका खोलीला लावा जिथं खरंच दिवसभर माणसं बसतात. इन्व्हर्टर, पाच स्टार, २६ वर ठेवून पंखा चालू. दर एक अंश वर ठेवला की सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. रिमोट खजिनदाराकडं ठेवा (हा अनुभव आहे).

अजून एक गोष्ट, जी बिलात दिसत नाही. एसीतला गॅस. जुन्या एसीत आर-२२ असतो, तो एक किलो हवेत गेला तर १,८०० किलो कार्बन डायऑक्साईड सोडल्यासारखं. नवीन एसीतला आर-३२ सुद्धा ६७५ पट आहे. म्हणजे दर उन्हाळ्यात "गॅस कमी झालाय, भरून घ्या" म्हणत मेकॅनिक येतो तेव्हा आधीचा गॅस गेला कुठं हे विचारा. गॅस संपत नसतो, गळतो. लीक काढल्याशिवाय भरायचा नाही, आणि जुना एसी भंगारात देताना पाईप कापून गॅस फुस्स करून सोडतात तसं करू द्यायचं नाही, काढून घ्यायचं मशीन असणाऱ्यालाच बोलवा.

वायरिंगचा आणि कार्बनचा काय संबंध?

थेट फार नाही. पण ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी बघितलं त्यांना हा प्रश्न पडणार नाही. १९१५ ची वास्तू, एका रात्रीत गेली. त्या आगीच्या कारणात मी जात नाही, पण त्यानंतर शहरातल्या प्रत्येक जुन्या हॉलच्या कमिटीनं आपला मेन बोर्ड उघडून बघायला पाहिजे होता, आणि किती जणांनी बघितला?

लाकडी केसिंग कॅपिंगमधली जुनी वायर, किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळलेली, आर्थिंगचा पत्ता नाही, आणि त्यावर आपण एसी आणि सोलर लावायला निघालेलो. आधी वायर बदला, एमसीबी (लोड जादा झाला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवा, आर्थिंगचा खड्डा करा. हे बचतीत मोजायचं नाही. आणि सांगितलेलं बरं, जळालेली इमारत परत बांधायला जेवढं सिमेंट-लोखंड लागतं तेवढा कार्बन एलईडीनं वाचवायला जन्म जाईल.

आमचा भाग पुरात जातो. मग एवढा खर्च करून काय उपयोग?

उलट तुमच्याकडं जास्त उपयोग. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, आणि २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा लोक कुठं आले? मंडळाच्या वरच्या मजल्यावर, हॉलमध्ये, शाळांत. लाईट नाही, मोबाईल बंद, पिण्याचं पाणी वर चढवायला पंप नाही.

म्हणून बदल करतानाच मीटर, मेन बोर्ड, इन्व्हर्टर, बॅटरी सगळं तुमच्या भिंतीवर पुराची जी खूण आहे तिच्या वर घ्या. मीटर वर घ्यायला महावितरणकडं अर्ज करायला लागतो, स्वतः हलवू नका. खालच्या मजल्याच्या सॉकेटचं सर्किट वेगळं ठेवा म्हणजे तेवढंच बंद करून वर चालू ठेवता येतं. आणि एक महत्त्वाचं, साधं ग्रीडला जोडलेलं सोलर ग्रीड गेलं की बंद पडतं, ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं असतं. पुरात उपयोग पाहिजे तर हायब्रीड इन्व्हर्टर (ग्रीड नसताना बी सोलर आणि बॅटरीवर चालणारा) आणि छोटी बॅटरी घ्यावी लागते. पूर्ण इमारत चालवायची गरज नाही, वरच्या मजल्याचे दिवे, चार पंखे, चार्जिंग आणि पंप. ज्या मंडळांना पूर माहीत आहे त्यांनी मोठ्या सोलरपेक्षा एवढं करावं असं माझं मत.

गणपतीतला जनरेटर?

छोटा जनसेट एका लिटर डिझेलमध्ये तीनेक युनिट देतो आणि एक लिटर डिझेल जाळलं की २.७ किलो कार्बन डायऑक्साईड. म्हणजे युनिटमागं ०.९ किलो, ग्रीडपेक्षा जास्त, वर जाळ अन् धूर संगटच. महावितरणकडनं तात्पुरतं अधिकृत कनेक्शन घ्या, आकडा टाकू नका. हॅलोजनच्या जागी एलईडी फ्लड लावले की लागणारा लोडच एवढा कमी होतो की जनरेटर बॅकअपपुरता राहतो. साऊंडबद्दल मी काही बोलणार नाही, मला याच पेठेत राहायचंय.

त्यापेक्षा पाडून नवीन ग्रीन बिल्डिंग बांधली तर?

बिल्डरचा फोन येऊन गेला वाटतं.

सिमेंटचं एक ५० किलोचं पोतं तयार होताना साधारण ३० ते ४० किलो कार्बन डायऑक्साईड बाहेर पडलेला असतो. नवीन तीन मजली इमारतीला पोती हजारात लागतात, लोखंड वेगळं, विटा वेगळ्या. म्हणजे पहिला पंखा फिरायच्या आधीच कित्येक वर्षांच्या लाईटएवढा कार्बन होऊन गेला. जुनी इमारत उभी आहे, तिचा कार्बन आपल्या आजोबांच्या काळात होऊन गेलाय, ती चांगली ठेवणं हेच फायद्याचं. कॉलम गेले असतील, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये धोकादायक निघाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथं हट्ट करू नका.

परवानग्या काय लागतात?

रंग, पंखे, दिवे यांना काही नाही, कमिटीचा ठराव पुरे. पण ठराव लिहूनच ठेवा, कारण नोंदणी असलेला ट्रस्ट असेल तर हिशोब धर्मादाय कार्यालयात जातात आणि ऑडिटर विचारतो. वास्तू महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर बाहेरनं खिळा मारायच्या आधी विचारा. लोड वाढत असेल तर मंजूर भार वाढवून घ्या.

आणि बिलावरची टॅरिफची श्रेणी बघा एकदा. घरगुती, व्यापारी, सार्वजनिक सेवा असे वेगवेगळे दर आहेत. काही वाचनालयं वर्षानुवर्षं व्यापारी दरानं भरत बसलेली मी बघितलीत, कोणी बिल उलटून बघितलंच नाही. याच्या उलट, हॉल भाड्यानं देत असाल तर त्या भागाला व्यापारी दर लागतो, तिथं वेगळा मीटर घेतलेला बरा, नाहीतर सगळंच त्यात ओढलं जातं.

पैसे कुठनं आणायचे? स्लॅबच्या रंगाला कोण देणगी देत नाही.

हीच खरी गोम आहे. एसीला देणगीदार मिळतो, सोलरला तर रांग लागते कारण फोटो चांगला येतो आणि खाली बोर्ड लागतो. चुन्याला, वायरिंगला, झरोका उघडायला कोण देणार, ते दिसतच नाही. आम्ही काय केलं, स्लॅबवर जाणाऱ्या जिन्यात एक फलक लावला, "वरचा स्लॅब यांच्या सहकार्याने थंड", आणि त्याखाली नावं, शंभर रुपये दिलेल्याचं बी. महिन्याभरात पैसे जमले. एक आजोबा रोज दुपारी येऊन अभ्यासिकेत बसतात आता, म्हणतात माझ्या पाचशेचा गारवा बघायला आलोय.

मोठी रक्कम लागत असेल तर कामाचे तुकडे करा. यंदा कूलरचा टायमर आणि दिवे, त्यात वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात, पुढच्या वर्षी त्यातनं पंखे. मंडळाला ८०-जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी मान्यता) असेल तर पावती द्या, व्यापारी लोक त्यावर देतात.

कार्बन क्रेडिट (कमी केलेल्या कार्बनचं सर्टिफिकेट) विकून पैसे मिळतात म्हणे?

चार टनात? मोजणाऱ्याची फी बी निघणार नाही. कोणी त्यासाठी आगाऊ पैसे मागत असेल तर हाकला.

सगळं केलं तरी बिल कमी झालं नाही, आता?

रुपये बघताय का युनिट? दर वाढला असेल तर युनिट कमी होऊनही बिल तेवढंच दिसतं, आणि त्यात स्थिर आकार असतो तो तुम्ही महिनाभर कुलूप लावलं तरी येतो. युनिटच कमी झाले नसतील तर वापर वाढलाय. आमच्याकडं असंच झालं, अभ्यासिका गार झाली म्हणून पोरं दुप्पट यायला लागली आणि बंद करायची वेळ १० ची ११ झाली. याला मी तोटा म्हणत नाही.

पण कळायला पाहिजे म्हणून एक करा. दाराशेजारच्या फळ्यावर, जिथं मॅचचं टायमिंग लिहिता तिथंच, दर एक तारखेला मीटरचं रीडिंग लिहा आणि शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं. आमच्या फळ्यावर मागच्या महिन्यात ४० युनिट वाढलेले दिसले, दोन दिवसांत पोरांनीच शोधून काढलं, टाकीचा बॉलकॉक खराब होऊन पंप रात्री आपोआप चालू होत होता. मला कोणी फोन बी केला नाही.